चेअरमनसाहेब, या बाळाची नोंद कुठल्या काट्यावर करायची?

प्रति,
मा. चेअरमनसाहेब,
अमुक सहकारी साखर कारखाना मर्या.
तथा अध्यक्ष, तमुक शिक्षण प्रसारक मंडळ,
जि. धाराशिव.

विषय : सहा वर्षांखालील लेकरांची आपण लावलेली सोय, जाहीर आभार मानणेबाबत.
संदर्भ : एसटी स्टँडसमोरचा आपला फ्लेक्स.

महोदय,



पत्रात आपलं नाव घातलेलं नाही. वाचणाऱ्याने आपापल्या तालुक्यापुरतं ते घालून घ्यावं, म्हणजे कुणावर अन्याय होणार नाही.

एसटी स्टँडसमोर आपले दोन फ्लेक्स शेजारीशेजारी लागलेत. एकावर आपण बॉयलर पेटवताय, दुसऱ्यावर टाय लावलेल्या चार वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून उभे आहात. एकावर लिहिलंय, ‘गळीत हंगामास शुभेच्छा’. दुसऱ्यावर, ‘नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी. प्रवेश सुरू. जागा मर्यादित.’ ऊस कितीही आला तरी गाळायची तयारी आणि पोरं मात्र मर्यादित, हे आपलं धोरण पाहून मन भरून आलं. त्या भरात हे पत्र लिहितोय.

आधी आपल्या नर्सरीबद्दल. तिथे मुलाखत होत नाही, हे मी सगळ्यांना ठासून सांगतो. तिथे ‘इंटरॅक्शन’ होतं. पोराला सफरचंदाचा रंग विचारतात आणि बापाला सातबारा किती एकराचा ते. देणगीही घेत नाहीत, इमारत निधी घेतात. इमारत बांधून पुरी झाली तरी निधी पुरा होत नाही, एवढाच काय तो फरक. संचालकांची चिठ्ठी आणली की पोराला सगळे रंग ओळखता येतात. चिठ्ठी नसेल तर ‘मूल अजून तयार नाही’ असा शेरा मिळतो. तीन वर्षांच्या पोराने तयार कशासाठी व्हायचं, हे विचारण्याची सोय फॉर्ममध्ये नाही.

प्रा. राम जोशी यांच्या समितीने बालवाडीतल्या या मुलाखती बंद करा म्हणून सांगितलं, त्याला पाव शतक होऊन गेलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तर दंडच लिहून ठेवला. मुलाची वा पालकांची चाचणी घेतली तर पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत. देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत. पण आपण कायदा बारकाईने वाचणारे. त्या कायद्यातलं ‘बालक’ सहाव्या वर्षी सुरू होतं आणि चौदाव्या वर्षी संपतं. सहाच्या आतल्यांसाठी राज्यघटनेत शब्द आहे तो ‘प्रयत्नशील राहील’ असा. सरकार प्रयत्नशील आहे, आपणही आहात, आणि एवढे सगळे प्रयत्नशील असल्यावर पोरांना जागा कशाला लागते?

मग आल्या त्या त्याच कायद्यातल्या 25 टक्के जागा. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या लेकरांसाठी राखून ठेवायच्या. सरकारकडून त्यांच्या फीची भरपाई वेळेवर येत नाही ही आपली तक्रार खरी आहे, आणि ती मी खरी म्हणूनच इथे लिहितो. पण 9 फेब्रुवारी 2024 ला सरकारने आपला भार हलका करायचं ठरवलं. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला त्या जागांतून सूट. झेडपीची शाळा तर आपल्याकडे वस्तीवस्तीवर. ज्या शाळेच्या गळक्या पत्र्यांकडे आपण इतकी वर्षं ढुंकून पाहिलं नाही, तीच एका रात्रीत आपली संरक्षक भिंत झाली! उच्च न्यायालयाला मात्र आपला आनंद पाहवला नाही. मे महिन्यात स्थगिती आली, 19 जुलै 2024 ला तो बदलच रद्द झाला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. एक किलोमीटरची ती सूट गेली.

तरी काळजीचं कारण नाही. कोर्टाने जे उघडलं ते कॅलेंडरने बंद केलं आहे. 2025-26 च्या प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज कधी भरायचे होते? जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. अर्जात गूगलच्या नकाशावर आपल्या घराचा फुगा नेमका ठेवायचा, रहिवासी पुरावा जोडायचा, आणि सोडतीत नाव लागलं की कागद घेऊन पडताळणीला हजर राहायचं. त्याच जानेवारीत वाशी, भूम, कळंब, परंड्याची ऊसतोड कुटुंबं कुठे असतात, हे आपल्याला मी सांगायला नको. दसरा झाला, दिवाळी झाली की ती निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटक. जानेवारी म्हणजे हंगाम अगदी भरात. त्या बापाने फुगा ठेवायचा कुठे? गावातल्या कुलूप लावलेल्या घरावर, की नदीकाठच्या कोपीवर, जी आठ दिवसांनी तिथे नसणार आहे?

म्हणून आपली व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणतो. कुणी कुणाला नाही म्हणत नाही. फक्त जागा असते तिथे मूल नसतं आणि मूल असतं तिथे जागा नसते.

आपण म्हणाल, नर्सरीचं कौतुक कशाला, सरकारची अंगणवाडी आहे की. आहे. 2 ऑक्टोबर 1975 ला ही योजना देशात सुरू झाली, पन्नाशी गाठली तिने. तिथे ना इंटरॅक्शन, ना इमारत निधी. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतचं गावातलं कुठलंही मूल नोंदवायचं, तीन ते सहाच्यांना गरम आहार द्यायचा. आपल्या नर्सरीचा सगळा दिमाख एका बाजूला आणि मानधनावर राबून पन्नास कामांच्या नोंदी ठेवणारी ती सेविका एका बाजूला. पण तिची यादी गावाची असते. नोव्हेंबरात त्या यादीतल्या नावांपुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. पोषण ट्रॅकर या ॲपवर अशा मुलाला दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत घेण्याची सोय आहे. त्यासाठी दुसऱ्या गावच्या सेविकेला हे मूल आलंय हे कळावं लागतं. कोपी गावाबाहेर. आई पहाटे चारला फडात जाते, गाडी भरून रवाना झाली की परतते, मग रात्रीचे आठ वाजोत की दहा. अंगणवाडी सकाळी उघडते आणि दुपारी बंद होते. मुलाला नेणार कोण आणि आणणार कोण?

आता आपल्या कारखान्याकडे येतो. आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की इथून टोळ्या बाहेर जातात आणि इथल्या कारखान्यांवर बाहेरून टोळ्या येतात. त्यामुळे ‘आमची पोरं’ आणि ‘त्यांची पोरं’ हा हिशेब कुठेच लागत नाही. वाशीचं बाळ सांगलीत परकं, बीडचं बाळ आपल्या फडात परकं. आपण मागे सभेत म्हणालात, ‘ते मुकादमाचे लोक आहेत, कारखान्याचे नाहीत.’ वाक्य ऐकून कायद्याचा अभ्यास केल्याचं समाधान वाटलं. 2025 पर्यंत कारखाने कायदा, 1948 सांगायचा : तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर हवं. आपल्या कारखान्यात तीस स्त्रिया नाहीत, कारण त्या फडात आहेत. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली : पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाता यायला हवं. चार वेळा! आपल्या फडातली बाई बाळाला दिवसभर भेटतच असते. ते तिच्यापासून दहा हातांवर, वाढ्यांच्या ढिगावर झोपलेलं असतं, टायरगाडीच्या चाकापासून जरा बाजूला. कायद्याने मागितलं त्याच्या कितीतरी पट आपण दिलंय.

आणि बाळाला सांभाळायला माणूसही आपण नेमलाय. पगार नाही, मानधन नाही, उचल नाही. आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. आई कोयता सोडून बाळापाशी बसली तर खाडा पडतो, नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटा राहिला तर अर्धा. थोरलीचा खाडा धरत नाहीत. तिचा धरला जातो फक्त शाळेच्या हजेरीपटावर, आणि तो पट आपल्या शेतकी खात्याकडे नसतो.

हा हिशेब आपण एकदा मांडून बघाच, कारण आकड्यांत आपला हात कुणी धरू शकत नाही. शाळेच्या वयाच्या मुलांनी गावीच राहावं म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहं काढली; 2021 पासून संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहांची योजना आली. चांगलंच आहे. पण थोरलीला वसतिगृहात ठेवलं तर धाकट्याला फडात सांभाळणार कोण? म्हणून ती बरोबर जाते. सहाच्या आतल्यासाठी जागा केली नाही की सहाच्या वरचीची जागाही रिकामी पडते. पाळणाघर एक वाचवलं आणि त्यात पोरं दोन गेली. असा उतारा आपल्या कारखान्याला उसातही कधी पडला नसेल.

हे कोडं सुटत नाही असं मात्र म्हणू नका. महाराष्ट्रात ते सुटलेलं आहे, आणि तेही साखरेच्या पैशाशिवाय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीत गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी मुलं तयार नाहीत असा शेरा मारला नाही. बालवाडीच उचलून पाड्यातल्या अंगणात नेली. पोरं गुरांमागे रानात जातात म्हटल्यावर कुरणशाळा काढली. आणि थोरल्या मुली धाकट्यांना कडेवर घेऊन फिरतात हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, विकासवाडी म्हणून. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. दिल्लीत 1969 साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच पाळणाघर सुरू केलं; इमारत पुरी झाली की पाळणाघर पुढच्या कामावर. टोळी हलली की पाळणाघर हलवायचं, यात अवघड ते काय? आपली ऊसवाहतूक रोज फड बदलते आणि तरी एक मोळी वाट चुकत नाही.

पैसे नाहीत असंही म्हणता येणार नाही. टनामागे 10 रुपये आपण गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी द्यायचे, तेवढेच सरकारने घालायचे असं ठरलेलं आहे. आपण ते देता, याबद्दल शंका घेणारा मी कोण? मला एवढंच विचारायचंय की टनाचा हिशेब लागतो तसा त्या 10 रुपयांतून किती पाळणे आले याचा हिशेब आपल्या अहवालाच्या कुठल्या पानावर असतो.

कारण आपल्याकडे नोंद होत नाही असं काही राहिलेलं नाही. कुठल्या गटातला ऊस, कुठली जात, लागण की खोडवा, तोड कधी, गाडी कुणाची, मुकादम कोण, काट्यावर वजन किती आलं, सगळं स्लिपवर येतं. आपला स्लिपबॉय फडात रोज जातो. त्याच्या डोळ्यांसमोर ती लेकरं खेळत असतात. त्याला एक रकाना जास्त भरायला सांगा : टोळीत सहा वर्षांखालची मुलं किती. तो आकडा जवळच्या अंगणवाडीला कळवा, म्हणजे सेविकेला कोपी शोधत फिरावं लागणार नाही. टोळी उतरते त्या तळावर एक पत्र्याची खोली आणि टोळीतल्याच दोन बाया ठेवा, पहाटे चारपासून गाडी भरेपर्यंत. त्यांना त्या दिवसाचा पूर्ण कोयता धरा. मुकादमाच्या करारात उचलीच्या खाली हे एक कलम घाला. आणि आपल्या स्कूलच्या 25 टक्क्यांतल्या एखाद्या जागेसाठी आपल्याच फडातल्या बापाचा अर्ज जानेवारीत आपल्याच संगणकावर भरून द्या. त्याचा फुगा कुठे ठेवायचा हे आपल्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्याची कोपी आपल्याच शेतकी खात्याने नेमून दिलेल्या जागेवर असते.

यातलं काहीच जमणार नसेल तर निदान दोन फ्लेक्सवरचा मजकूर एक करा. ‘जागा मर्यादित’ हे शब्द कारखान्याच्या फ्लेक्सवरही येऊ द्या, म्हणजे टोळ्यांना निघतानाच कळेल की कोयत्याला जागा आहे, कोयत्याच्या लेकराला नाही.

येत्या वार्षिक सभेत मी हा विषय मांडणार आहे. विषयपत्रिकेवर आपण तो घेणार नाही, म्हणून ऐनवेळच्या विषयांत मांडीन. दरवर्षी विषय वाचून व्हायच्या आधीच मागच्या रांगांमधून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठतो. यंदाही उठू द्या. फक्त या विषयालाही तो तितक्याच घाईने उठला तर इतिवृत्तात तसंच लिहून घ्या. मंजूर झालेल्या ठरावाची प्रत मागायला सभासदाला इंटरॅक्शन द्यावं लागत नाही.

आपला नम्र,
एक ऊस उत्पादक सभासद
ता. कळंब, जि. धाराशिव