आधी भात मागवा

आपल्याकडे कोरियन खाण्याची सुरुवात होते पाकिटातल्या जहाल नूडल्सनी. चार मित्र जमतात, मोबाइल समोर उभा करतात आणि आधी कोणाच्या डोळ्यांतून पाणी येतं ते बघतात. सामयांग कंपनीनं हा बुलडाक प्रकार २०१२ मध्ये बाजारात आणला. २०२४ मध्ये डेन्मार्कनं त्यातले तीन प्रकार अति तिखट म्हणून दुकानांतून काढायला लावले. हौस असेल तर जरूर खा. पण तेवढ्यावर ‘कोरियन जेवण मला झेपत नाही’ असा निकाल देऊ नका. तुम्ही अजून जेवलेलेच नाही आहात.

मिरची कोरियन स्वयंपाकात उशिरा आली, सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास. आपल्याकडेही ती त्याच शतकात पोर्तुगिजांनी आणली. त्याच्या कितीतरी आधीपासून कोरियात भाज्या मिठात मुरत होत्या आणि सोयाबीन आंबत होतं. मिरचीशिवायची पांढरी किमची, म्हणजे तशीच मुरवलेली भाजी, आजही घातली जाते. गाईची हाडं तासन् तास उकळून केलेलं सोललोंगथांग तर इतकं सौम्य असतं की मीठ आणि कांद्याची पात टेबलावर आपली आपणच घालायची. हे जेवण उभं आहे ते आंबवण्यावर. थंडीच्या तोंडावर घरच्यांनी, शेजाऱ्यांनी एकत्र बसून वर्षाची किमची घालायची, या किमजांगच्या प्रथेला युनेस्कोनं २०१३ मध्ये वारसा यादीत घेतलं. पाकिटाला नाही.

तेव्हा हॉटेलात गेलात की आधी भात मागवा. सोबत ड्वेनजांग चिगे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा, टोफू-भाज्या घातलेला रस्सा. मग लहान लहान वाट्या येतात: किमची, मोड आलेलं सोयाबीन, तिळाच्या तेलातला पालक. हे बानचान. कोरियात त्याचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत, आणि वाटी संपली की पुन्हा भरून मिळते. आपल्याकडे कोणी वाटीगणिक बिल लावत असेल तर तिथे स्पष्ट विचारा. आणि फुकट आहे म्हणून तीनदा मागवून अर्धं टाकणाऱ्यांनी घरीच जेवावं.

रीत अवघड नाही. भात चमच्यानं खायचा, वाटी हातात उचलायची नाही. टेबलावरच्या सगळ्यांत मोठ्या माणसानं सुरुवात केल्यावर आपण करायची. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत. ते मृतांच्या विधीची आठवण करून देणारं आहे. टेबलावर भाजायच्या मांसाची किमान दोघांची ऑर्डर बहुतेक ठिकाणी द्यावी लागते, त्यामुळे तिथे एकट्यानं जाऊ नका. टीप द्यायची पद्धत कोरियात नाही.

शाकाहारी मंडळींनी मात्र जास्त सावध राहावं. किमचीत बहुधा मासळीचा आंबवलेला रस किंवा खारवलेली कोळंबी असते, आणि साध्या दिसणाऱ्या चिगेचं पाणी सुक्या मासळीवर उकळलेलं असतं. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. बिबिंबाप या भाज्या-मांस घातलेल्या भातावरचे मांसाचे तुकडे चिमट्यानं उचलून तोच शाकाहारी म्हणून देणं ही सरळ फसवणूक आहे. शुद्ध शाकाहाराची परंपरा कोरियात नाही असंही नाही. बौद्ध मठांच्या जेवणात मांस-मासळी तर नसतेच, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या घरानं सेऊलला गेल्यावर आधी हे जेवण शोधावं.

त्याच शहरात १९०५ पासून चालत आलेला ग्वांगजांग बाजार आहे. तिथे मूग दगडी जात्यावर दळून, त्यात मोड आलेली कडधान्यं आणि किमची घालून, भरपूर तेलात बिंदेत्तोक तळतात. आपल्या मुगाच्या धिरड्याचं हे जाडजूड भावंड. आत डुकराचं मांस असू शकतं, विचारून घ्या.

एवढ्या लांब जायची गरजही नाही. रांजणगाव, तळेगावच्या कोरियन कारखान्यांमुळे पुणे परिसरात कोरियन कुटुंबं राहतात आणि त्यांच्या जिभेला जपणारी हॉटेलंही आहेत. भिंतीवर गायकांची पोस्टरं कुठे आहेत ते बघू नका. दुपारी कोरियन माणसं जिथे जेवताना दिसतील, तिथे बसा. आणि पहिल्या खेपेला नूडल्स मागवू नका.