तेल शनीचं, भात सुशीचा

शनिवार म्हणजे शनिशिंगणापुरात धंद्याचा वार. रुईच्या माळा, काळं कापड, तिळाच्या तेलाच्या बाटल्या विकताना पूजासाहित्याच्या दुकानदाराला मान वर करायला सवड नसते. म्हणून पुण्याच्या भाच्याचं आमंत्रण मामांनी रविवारवर ढकललं. घोडेगाव, नगर, सुपे, शिरूर करत गाडी रांजणगावात आली, तशी न्यायला आलेल्या भाच्यानं एलजीच्या कारखान्याकडे बोट केलं. अशा कंपन्यांबरोबर कोरियन-जपानी साहेब पुण्यात आले; त्यांच्या पाठोपाठ त्यांची हॉटेलंही.

कोरेगाव पार्कातल्या अशाच एका जपानी-कोरियन हॉटेलात पाऊल टाकताच सगळा स्वयंपाकी ताफा एकसुरात ओरडला, “इराश्शाइमासे!” मामा दोन पावलं मागे.

“काय झालं रं?”

“स्वागत करतायत, मामा. तुम्ही बसा.”

बसायच्या खोलीला सरकता दरवाजा. मामांनी आधी कडी शोधली. ती नव्हती, तेव्हा कुठं ते ऐसपैस बसले. ज्यांच्या गावात परंपरेनं घरांना चौकट असते पण दार नसतं, जिथं 2011 साली युको बँकेनंही बिनकुलपाची शाखा उघडली, त्यांना कडी लावून जेवण कसं गोड लागावं?

काही मागवायच्या आतच छोट्या वाट्या मांडल्या गेल्या: पालक, मोडाची कोशिंबीर, लालभडक किमची. मामांचा हात किमचीकडे वळला, तसा भाच्यानं झडप घालून वाटी उचलली. दिसायला कोबीचं लोणचं, पण त्यात बऱ्याचदा मासळीचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते आणि मामा तर माळकरी. मग त्यांनी पालकावर राग काढला. वाटी रिकामी झाली की वाढणारी पोरगी भरून आणायची आणि मामा दरवेळी पैसे विचारायचे.

काकडीची सुशी आली. भात शिरक्यातला, आंबूस. मामांनी काड्या बाजूला सारून सरळ हातानं उचलली. भाचा ओशाळला, पण काउंटरमागचा आचारी खुशीत मान डोलवत होता. जपानातही सुशी हातानं खाल्लेली चालते.

मग कोरियन किंबाप. दिसायला सुशीचाच सख्खा भाऊ, पण याच्या भाताला शिरका नव्हे, तिळाचं तेल चोळतात. वास येताच मामा ताठ बसले.

“आरं, ह्ये तर आपल्या दुकानातलं!”

प्लेट एकट्यानं संपवली आणि पुढची मागवली.

तुम्ही गेलात तर किमचीत मासळी आहे का, हे आधी विचारा. वाट्यांतल्या त्या तोंडीलावण्याला कोरियन रिवाजात पैसे पडत नाहीत. पुन्हा मागायला लाजू नका.