फडक्याच्या मालकास

श्री. मालक,
वॉशिंग सेंटर, पेट्रोल पंपामागे, यांस
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, खंडेनवमीच्या दिवशी आमच्या गाडीला आपल्या हातून ‘वॅक्स पॉलिश’ लाभलं. गाडी गर्द निळी, दोन वर्षांची. संध्याकाळी सोसायटीच्या दिव्याखाली उभी केली, तर बॉनेटवर कोळ्याचं जाळं! बोटाने काढायला गेलो, निघेना. मग कळलं, ते ओरखडे आहेत. दिव्याभोवती गोल गोल, केसासारखे बारीक, शेकड्यांनी. एवढी नक्षी काढूनही आपण तिचे वेगळे पैसे लावले नाहीत, याबद्दल आभारी आहे.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. न सांगता गाडीखाली डिझेल मारलंत, माफ. डॅशबोर्ड इतका तेलकट चकचकीत केलात की समोरच्या काचेत रस्त्याऐवजी डॅशबोर्डच दिसतो, तेही माफ. वर मोगऱ्याचा फवारा, डोकं दोन दिवस दुखलं, माफ.

फडका माफ नाही.

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाहत होतो. आपल्याकडच्या पोराच्या हातातला फडका म्हणजे कोणाच्या तरी जुन्या शर्टाची बाही. तिने आधी चाकाची वाटी पुसली, मग दार. मग ती खाली पडली, पाणी, वाळू आणि डिझेलच्या राबड्यात. पोराने उचलली, एकदा झटकली आणि बॉनेटवर फिरवायला घेतली. मी ओरडलो. आपण गल्ल्यावरून मान न उचलता म्हणालात, “काही होत नाही साहेब, वरनं वॅक्स मारणारे.”

अहो, वॅक्स म्हणजे काय गोधडी आहे, खालचं सगळं झाकायला? गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. एका मिलिमीटरचा विसावा भाग, डोक्यावरच्या केसाहून पातळ. त्यावर आपल्या रस्त्यांवरची क्रश सँड ओल्या बाहीत धरून रगडायची, आणि वर काही होत नाही? पुन्हा ते ओरखडे काढायचे तर पॉलिशने तोच थर आणखी घासून कमी करावा लागतो. पॉलिश थर खातं, वॅक्स थर चढवतं. आपल्या पाटीवर मात्र दोघांचं लग्न लावून एकच दर लिहिला आहे.

लहानपणी दारात कल्हईवाला यायचा. तो भांडं घासायचा, तापवायचा, नवसागर टाकून पुसायचा आणि मग कथील फिरवायचा. कथील फिरवायला लागायचा क्षणभर. बाकी सगळा वेळ भांडं तयार करण्यात जायचा. खरकट्या पातेल्यावर त्याने कल्हई केली असती, तर आजीने त्याला भात्यासकट हाकलला असता. वॅक्सचंही तेच आहे. गाडी सावलीत घ्यायची, आधी नुसत्या पाण्याने माती सोडवायची. मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत फडका खळबळायचा. वरून खाली धुवायचं, चाकं शेवटी.

एवढं करूनही काम संपत नाही. घरी येऊन मी हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून तुमच्या वॅक्सवरून फिरवली. रव्याच्या पाटावर फिरवल्यासारखी खरखर लागली. ते ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, बोअरच्या पाण्याचे वाळलेले डाग. ते धुऊन जात नाहीत. त्यासाठी क्लेची वडी मिळते. पृष्ठभाग ओला, बुळबुळीत ठेवून ती हलक्या हाताने फिरवायची, मळली की कणकेसारखी तिंबून स्वच्छ बाजू वर आणायची. आणि ती जमिनीवर पडली, तर सरळ टाकून द्यायची. विकत घेतलेली वडी टाकून द्यायची, मालक! तुमच्याने शर्टाची बाही टाकवली नाही.

आमच्या गाडीवरची ती खरखर आता वॅक्सखाली सुरक्षित आहे. पाऊस पडला की थेंब तिच्यावरून मोत्यांसारखे घरंगळतात.

पोरावर माझा राग नाही. तो अनवाणी होता. दिवसभर पाण्यात राहून त्याच्या पायांची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. मागे अकरा गाड्यांची रांग, प्रत्येकाला सकाळी पूजेआधी गाडी हवी. दोन बादल्या त्याला कोणी दिल्या नाहीत, दुसरा फडकाही नाही. आणि खोटं कशाला बोलू, सहाशेचे पाचशे मीच करायला लावले होते, “अर्ध्या तासात द्या हं,” असंही मीच म्हणालो होतो. नीट करायचं तर त्याचा अर्धा दिवस गेला असता. म्हणजे पहिली घासाघीस माझी, दुसरी तुमच्या फडक्याची.

तेव्हा पुढच्या वेळी मी सहाशे देईन आणि गाडी दिवसभर ठेवीन. तुम्ही त्या पोराला आणखी एक बादली, धुतलेले फडके आणि गमबूट घेऊन द्या. यातलं काही जमणार नसेल, तर गाडी फक्त धुऊन द्या. वॅक्स नको.

कळावे,
आपला एक गिऱ्हाईक

ता. क. ती बाही आमच्या डिकीत राहिली होती. धुऊन, वाळवून सोबत परत पाठवत आहे. तिची गुंडी अजून शाबूत होती, ती मी कापून काढली आहे.