उरलेले दोन बोल्ट

फलटणजवळ सुरवडीला कमिन्सचा इंजिनांचा भलामोठा कारखाना आहे. पण आमच्या गल्लीतल्या अण्णांच्या मते खरं इंजिन अंगणातच बांधावं. दिवाळीत त्यांनी जुन्या जीपचं हेड उतरवलं. पुरणाच्या परातीत पिस्टन डिझेलने न्हाले, रिंगा तुळशीकट्ट्यावर सुकल्या. टायमिंगच्या खुणा खडूने फरशीवर मांडल्या होत्या. काकूंनी सकाळी फरशी पुसली.

१९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. अण्णा अजून जोडतायत.

शेवटी सगळं बसलं, दोन बोल्ट उरले. ‘जास्तीचे होते,’ अण्णा म्हणाले. पाडव्याला पोरांनी जीप उतारावर ढकलली. धूर निघाला, टाळ्या पडल्या, पेढे वाटले. उतार संपला, तिथेच जीप अजून उभी आहे. परातही तिच्यातच आहे.