मीटर कधी पडतं?

वैमानिकाचा पगार किती असतो, हे वैमानिक सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. साताऱ्यात माझा पगार पोवई नाक्यावर सहा लाख आहे, मोती चौकात आठ आणि राजवाड्यापर्यंत जाता जाता दहा. आकडे तसे अगदीच हवेतले नाहीत. फक्त ते डावीकडच्या खुर्चीचे आहेत. तिथे कॅप्टन बसतो, मी उजवीकडे. मधलं अंतर हातभर. पण ते ओलांडायला १५०० तासांचं उड्डाण हवं, वरचं लायसन्स हवं, सीनिऑरिटीच्या यादीत नंबर लागायला हवा आणि कंपनीची नवी विमानं वेळेवर यायला हवीत. भाच्याची बढती फ्रान्समधल्या कारखान्यात अडकू शकते, हे आमच्या मामांना अजून पटलेलं नाही.

स्थळ मामांनीच आणलं. कऱ्हाडचं. मुलगी सीए, वडील बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त. मामांनी माझ्या वतीने 'पगार लाखांत' एवढंच सांगून ठेवलं होतं. किती लाखांत, ते देवावर सोडलं होतं.

पोहे आले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. (त्यात मी तयारीचा. हवामानशास्त्राचा पेपर पास झाल्याशिवाय लायसन्सच मिळत नाही.) मग काकांनी चष्मा बदलून जवळचा लावला.

"इन हँड किती?"

"ते महिन्यावर आहे, काका."

"म्हणजे?"

म्हणजे थोडा पगार ठरलेला आणि बाकीचा उडालेल्या तासांवर. तास मोजायचा तो विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंत. चाकांखालचे चॉक्स निघाले की मीटर पडलं, परत लागले की बंद. समजावं म्हणून मी दिल्लीचं उदाहरण दिलं. जानेवारीतली पहाट, बाहेर ताकासारखं धुकं. रात्री अडीचला उठून, दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात मी कॉकपिटमध्ये हजर. प्रवासी बसलेत, दार लागलंय, परवानगी नाही. मागे एक गृहस्थ एअरहोस्टेसला विचारतायत, "पायलट नवीन आहे का?" त्यांचा वेळ वाया चाललाय, माझा फुकट चाललाय. एकदा का पुशबॅक झाला, की पुढे धावपट्टीपाशी कितीही लांब रांग असो, माझी ना नाही. विमान जितकं सावकाश सरकेल तितका मी प्रसन्न.

काकांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "पण वेटिंगचे पैसे रिक्षावाल्यालाही मिळतात."

मामा पोह्यांतले शेंगदाणे शोधायला लागले.

मग कर्जाचा विषय. बँकेतल्या माणसापासून कर्ज लपवणं म्हणजे दाईपासून पोट लपवणं, तेव्हा मी सगळं ओतलं. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उडावं लागतं. त्या तासांत माझ्याआधी बाबांचा प्रॉव्हिडंट फंड हवेत गेला. तेवढ्याने लायसन्स मिळतं, एअरबस मिळत नाही. त्याचं टाइप रेटिंग वेगळं, त्याचे लाख वेगळे. एकूण कर्ज ६० लाख, अकरा टक्क्यांनी, पंधरा वर्षं. काकांनी कॅल्क्युलेटर मागितला नाही. "अडुसष्ट हजार हप्ता," ते छताकडे बघत म्हणाले. बरोबर होतं. हातात येणाऱ्या सव्वा लाखातून तेवढे वजा केले आणि बेस कोलकाता मिळाल्यामुळे तिथलं घरभाडं वजा केलं, की उरलेल्यात मी पोवई नाक्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हतो.

"नोकरी सोडायची म्हटली तर?"

"सहा महिन्यांची नोटीस. सरकारी नियम आहे."

"आणि कॅप्टन झाल्यावर?"

"वर्षाची."

"म्हणजे बढतीबरोबर शिक्षाही वाढते." त्यांनी मान डोलावली. "आणि कंपनीच बंद पडली तर?" किंगफिशर २०१२, जेट एप्रिल २०१९, गो फर्स्ट मे २०२३. सनावळी त्यांनीच म्हणून दाखवली. या तारखा बँकवाल्यांना आमच्याइतक्याच पाठ असतात. पैसे दोघांचेही अडकलेले.

दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षा, दर वर्षी मेडिकल, त्यात नापास झालो तर घरी, हेही मी सांगून टाकलं. काका म्हणाले, बँकेतली सीएआयआयबीची परीक्षा त्यांनी एकदाच दिली होती.

एवढ्यात मला खोकला आला. काकू मायेने चमचाभर द्राक्षासव घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे माझी ड्यूटी होती. उड्डाणाआधी बारा तास मद्याला शिवायचं नाही, आणि आसवांत मद्यार्क असतोच. मी म्हणालो, "नको काकू, यात अल्कोहोल असतं." शांतता पसरली. त्या घरात तीन पिढ्या द्राक्षासव पीत होत्या. सावरायला म्हणून मी पुढे बोललो, की आम्हाला उड्डाणाआधी नळीत फुंकर मारावी लागते, पहिल्यांदा सापडलं तर लायसन्स तीन महिने निलंबित. काकू आत जाऊन कुणाला तरी म्हणाल्या, ते बाहेर स्वच्छ ऐकू आलं: "रोज तपासतात म्हणजे पीत असणारच की."

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिने विचारलं, "मग करता कशाला हे?"

या प्रश्नाचं उत्तर मी आरशासमोर घोटलेलं होतं. ढगांच्या वरचा सूर्योदय, खाली मान्सूनची गादी, समोर काचभर तांबडं आकाश वगैरे. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे करपात्र नाही ना?"

लग्न जमलं नाही. कर्ज मात्र जमलं. काकांनी ओळखीच्या शाखेत फिरवून दिलं, अर्धा टक्का वाचला. महिनाअखेरीला त्यांचा फोन येतो, "किती तास झाले?" साठच्या खाली असले तर आवाजात काळजी असते, बाबांच्या आवाजात असते त्याहून जास्त. माझा इन्कम टॅक्स रिटर्नही आता त्यांची मुलगीच भरते. फी तासावर घेते. मी फॉर्म सोळा शोधत असतो, तो वेळही धरून.