डबा कंपनीचा, ताप गिऱ्हाइकाला

भर दुपारी घरातल्या वायफायच्या डब्यावर तळहात ठेवून बघा. चटका बसला, तर हे तुमच्यासाठी आहे. एप्रिल उजाडला की नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशीकडे धावतो आणि घराघरांतून एकच ओरड सुरू होते, ‘नेट गेलं!’ कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं : राउटर बंद करा, दहा मिनिटांनी चालू करा. तसं केलं की तो चालतोही, कारण दहा मिनिटांत तो थोडा निवतो. म्हणजे दुखणं कुठे आहे ते या उपायातूनच कळतं. ते कबूल मात्र कुणी करत नाही.

बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात एक ओळ असते : चालण्याचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस. हे डब्याचं तापमान नव्हे, त्याच्या भोवतालच्या हवेचं. विदर्भात कूलर बंद असलेली खोली मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडते. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात तर त्याहून जास्त. अशा गावांत हा डबा बसवायचा आणि भर उन्हाळ्यात तो बंद पडला की ‘लाइनमध्ये प्रॉब्लेम आहे’ म्हणायचं, ही शुद्ध टोलवाटोलवी आहे.

अडॅप्टरवर वाचा. १२ व्होल्ट, दीड अँपिअर असं काहीसं लिहिलेलं असतं. म्हणजे जास्तीत जास्त १८ वॉट. आकडा किरकोळ वाटतो. पण डब्यात पंखा नाही, आणि खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. गार हवा खालच्या जाळीतून आत, गरम हवा वरून बाहेर, एवढाच त्याचा श्वास. तो अडला की चिप मंदावते, मग डबा आपोआप रिस्टार्ट होतो. आतल्या कपॅसिटरचं गणित तर फारच वाईट : तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं.

तक्रारीनंतर कंपनीकडून आमच्याकडे आलेला पोरगा भला होता, घाईत होता. डब्याला हात लावून म्हणाला, “काकू, सगळ्यांचेच गरम होतात. वर एक छोटा पंखा लावून द्या.” आणि लगेच, “ओटीपी आला असेल, सांगा बरं. तिकीट क्लोज करायचंय.” त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या मानेवर तिकिटं बंद करायचं ओझं आहे. पण काम झाल्याशिवाय तो ओटीपी द्यायचा नाही. डबा तापलेला आणि तक्रार मात्र कागदोपत्री मिटलेली, यातूनच कंपनीचे आकडे गोंडस होतात.

आणि पंखा आम्ही का लावायचा? डबा कंपनीचा आहे. कनेक्शन सोडलं की तो परत मागतात, दिला नाही तर अनामत अडकते. भाड्याच्या घराचं छप्पर गळलं तर भाडेकरूला ताडपत्री आणायला सांगणारा मालक आणि ही कंपनी, दोघांत मला काही फरक दिसत नाही.

आपल्या हातात आहे तेवढं जरूर करावं. डबा कप्प्यातून बाहेर काढा, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावरून उचला, त्यावरचा क्रोशाचा रुमाल आजच काढा. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत भाजत असते, तिथे तो नको. कूलरच्या झोतातही नको. ओलसर हवा आतल्या जोडण्यांना मानवत नाही. जागा बदलताना पिवळी वायर ओढू नका. आत केसासारखा बारीक काचेचा धागा असतो, तो मुडपला की सिग्नल पडतो आणि मग दोष तुमच्या माथी. अडॅप्टरला जळका वास आला किंवा त्याचं प्लास्टिक वितळल्यासारखं दिसलं, तर स्विच तत्काळ बंद. नेट गेलं खड्ड्यात.

तरीही बंद पडतो? मग दिव्यांकडे लक्ष ठेवा. एलओएसचा दिवा लाल असेल तर बिघाड बहुतेक बाहेरच्या केबलचा. सगळे दिवे विझून पुन्हा लागत असतील, तेही दुपारीच, आणि रात्री सगळं सुरळीत, तर दोष उष्णतेचा किंवा अडॅप्टरचा. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा. खोलीतल्या थर्मामीटरचा फोटो काढा. ‘नेट स्लो आहे’ असं मोघम सांगू नका. ‘डबा तापून रिस्टार्ट होतो, डबा आणि अडॅप्टर दोन्ही बदलून द्या’ असं सांगा आणि डॉकेट नंबर घ्या. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रार केंद्रात दाद लागली नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका. अपिलासोबत व्हिडिओ जोडा, थर्मामीटरचा फोटो जोडा, आणि त्या मॉडेलचं माहितीपत्रक नेटवर सापडलं तर चाळीस अंशांच्या ओळीखाली लाल रेघ मारून तेही जोडा.