बिस्किटांच्या डब्यांतली फौज

ऑक्टोबरातील एखाद्या शनिवारी, सकाळी नवाच्या सुमारास, इंग्लंडच्या मध्यभागातील आमच्या गावच्या सार्वजनिक सभागृहासमोर, बारीक पावसात मोटार उभी करून, पत्र्याचे सहा बिस्किटांचे डबे छातीशी कवटाळीत, आत जणू नवजात अर्भके निजली आहेत अशा बेताने पावले टाकीत जो साठीचा, किंचित वाकलेला, चष्मा ओघळलेला गृहस्थ दाराशी येताना दिसतो, तो कोणा धर्मादाय फराळाचा कारभारी असावा अशी पाहणाऱ्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्या डब्यांत मॅसिडोनियाचा शिकंदर, त्याचे खासे स्वार, अठरा-अठरा फुटी भाले पेलणारे त्याचे पायदळ आणि झालेच तर त्याचे दोन-तीन शत्रू, सर्व मंडळी कापसाच्या गादीवर पहुडलेली असतात. अपवाद फक्त सहाव्या डब्याचा. त्यात पत्नीने खरोखरीची बिस्किटे भरून दिल्याची गृहस्थांची समजूत असते.

त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. माझे शेजारी आहेत आणि मनातल्या मनात मी त्यांना सरनोबत म्हणतो. सोमवार ते शुक्रवार ते एका विमा कंपनीच्या कचेरीत दाव्यांची छाननी करतात. अमक्याच्या छपराची कौले वाऱ्याने उडाली की आधीपासूनच सैल होती, याचा निवाडा करून तसा शेरा मारणे हे त्यांचे काम. मी महाराष्ट्रातून आलो आहे हे कळल्यावर इतर शेजाऱ्यांनी मला हवामान सोसते का, असे विचारले; सरनोबतांनी कुंपणावरून मान उंचावून, मौर्यांच्या हत्तींवरील माहुतांच्या अंगवस्त्राचा रंग कोणता असे, हे विचारले. मला ते ठाऊक नव्हते. तेव्हापासून माझ्या भारतीयत्वाविषयी त्यांच्या मनात जी बारीक शंका शिरली आहे, ती अद्याप पुरती निवालेली नाही.

शिशाच्या सैनिकांनी टेबलावर लढाया लढण्याचा हा छंद पोरकट म्हणून उडवून लावणाऱ्यांस ते एच. जी. वेल्सचा दाखला देतात. या थोर लेखकाने १९१३ साली 'लिट्ल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून, खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेने शिशाचे शिपाई पाडण्याचे रीतसर नियम घालून दिले, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती शहाणपणाचे आहे तेही सांगितले. पुढच्याच वर्षी युरोपातील सम्राटांनी त्याचा सल्ला न मानता जे करायचे ते केले. सरनोबतांचा संप्रदाय मात्र तोफा निघण्यापूर्वीच्या जगाचा. त्या संप्रदायाची 'सोसायटी ऑफ एन्शंट्स' ही संस्था टोनी बाथ यांनी १९६५ मध्ये स्थापन केली, तिच्या मुखपत्राचे नाव 'स्लिंगशॉट', म्हणजे आपली गोफण. आणि त्या गोफणीचे जुने अंक सरनोबतांच्या घरी, आपल्याकडे एखाद्या वैदिकाच्या घरी पोथ्या असाव्यात तसे, फडक्यात बांधून ठेवलेले आहेत.

पोथीची उपमा मी सहज वापरली नाही. या मंडळींच्या नियमांचे प्रमुख सूत्रकार फिल बार्कर. 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' हा त्यांचा ग्रंथ १९९० चा. प्रत्येक पक्षाला बारा तुकड्या, दोन फूट लांब-रुंद रणांगण, आणि तासाभरात साम्राज्याचा निकाल, असा त्याचा आटोपशीर संसार आहे. परंतु तो ज्या भाषेत लिहिला आहे ती इतकी घट्ट विणलेली आहे, की अर्धी मात्रा वाचली तर पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या आपल्या वैयाकरणांनीही बार्करांपुढे पाट मांडला असता. त्या भाषेला या मंडळींत 'बार्करीज' असे स्वतंत्र नावच आहे. जिथे सूत्र आले तिथे भाष्य आले, वार्तिक आले आणि दोन भाष्यकारांतले वैरही आले; सरनोबत हे त्या परंपरेतले मोठे भाष्यकार होत. तुकडीचा कोपरा शत्रूच्या तुकडीला लागला म्हणजे नक्की काय झाले, या एका प्रश्नावर ते चहाचे तीन पेले संपेपर्यंत बोलू शकतात.

मी एकदा भीत भीत विचारले, की आमच्या मराठ्यांची फौज यात उतरवता येईल का? सरनोबतांनी डायरी काढली, तारखा पाहिल्या आणि मामलेदार कचेरीतील एखादा सहृदय कारकून मुदत टळलेला अर्ज परत करतो त्या स्वरात म्हणाले, की दप्तर इसवी सन १५०० च्या आसपास बंद होते; आपले महाराज १६३० साली जन्मले; शंभराहून अधिक वर्षांचा उशीर झाला, फार वाईट वाटते. माझा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी देवगिरीचे यादव देऊ केले. १२९६ म्हणजे पक्के मुदतीत! आणि लगेच, वेढा पडल्यावर किल्ल्यातील धान्याची म्हणून उघडलेली पोती मिठाची निघाली ही शाळेनंतर मी पार विसरलेली हकीकत मला तपशीलवार ऐकवली. मी यादवांना आभारपूर्वक नकार दिला.

सरनोबतांचे घर पाहिल्याशिवाय हा माणूस कळत नाही. माडीवरच्या खोलीत भिंगाच्या दिव्याखाली बसून, पंधरा मिलिमीटर उंचीच्या, म्हणजे करंगळीच्या पेराहूनही लहान, सैनिकाच्या ढालीवर ते तीन केसांच्या कुंचल्याने सूर्यबिंब काढतात. सैनिकाला डोळे काढावेत की काढू नयेत या वादात त्यांचा पक्ष न काढणाऱ्यांचा. एवढ्या अंतरावरून शत्रूचे डोळे दिसले तर आपण पळायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे. रंगवलेल्या फौजेच्या दसपट बेरंगी फौज पेट्यांतून पडून आहे. सध्याच्या गतीने ती सारी रंगवून व्हायला वयाची एकशे चौदा वर्षे लागतील असा गोशवारा त्यांनी स्वतःच, विमेवाल्याच्या काटेकोरपणाने, मांडून भिंतीवर लावला आहे, आणि तरीही दर महिन्याला टपालाने एक जड पाकीट येतेच. ज्या पलटणीवर सहा महिने डोळे फोडावेत तीच पहिल्या लढाईत सर्वांआधी गारद होते, असा या मंडळींचा सार्वत्रिक अनुभव. सरनोबत त्याबद्दल तक्रार करीत नाहीत, मुंजीनंतर बटू घरातून पळायचाच, अशा समजुतीने तो शिरस्ता त्यांनी पत्करलेला आहे.

आता त्या सभागृहात भरणाऱ्या या मंडळींच्या मेळ्याकडे, आणि त्याला लावलेल्या 'स्नेहपूर्ण' या विशेषणाकडे येतो. दोन दिवस, सहा लढाया, पहिल्या क्रमांकास काही नाही आणि शेवटच्यास लाकडी डाव. असले तीन डाव सरनोबतांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले आहेत आणि पाहुण्यांना ते प्रथम दाखवले जातात. आपल्याकडे पत्त्यांच्या डावात तंटा होतो तो दोघेही आपापले खरे म्हणतात म्हणून; या सभागृहात मी जो तंटा पाहिला तो उफराटा होता. सरनोबतांच्या घोडदळाने प्रतिपक्षाच्या भालाईतांना बाजूने गाठले की दोरीभर अंतर राहिले, असा प्रश्न निघाला. दोघेही वृद्ध गुडघ्यांवर बसले, हनुवट्या टेबलाच्या कडेला टेकवून एकेक डोळा मिटून पाहू लागले, आणि सरनोबत म्हणाले, "पोचलो नाही मी, तुमचे बरोबर." प्रतिपक्ष दुखावल्यासारखा म्हणाला, "छे, छे, पोचलात की! माझी माणसे मेलीच आहेत." मी पोचलो नाही, तुम्ही पोचलात, अशा आग्रहाची ती फैर वीस मिनिटे चालली, आवाज चढले, शेजारच्या टेबलावरचे नॉर्मन आणि सॅक्सन हेस्टिंग्ज अर्धवट टाकून ऐकायला आले, शेवटी फासा टाकून निवाडा झाला, भालाईत वाचले, आणि ज्यांचे वाचले ते गृहस्थ उरलेला दिवसभर अन्याय झाल्यासारखे गप्प होते.

क्रोध म्हणून जो असतो तो सगळा फाशावर. रोमन सिनेटही इतक्या गांभीर्याने कोणाला दोषी ठरवीत नसेल. तीन वेळा एक पडलेला फासा सरनोबतांनी फितूर ठरवून कोटाच्या वरच्या खिशात कैद केला. त्या खिशात पूर्वीचे चार कैदी होतेच.

रविवारी दुपारी एक खेळाडू आजारी पडल्यामुळे मला रणांगणावर उभे राहावे लागले. सरनोबतांनी शिकंदर घेतला आणि आपल्याच दुसऱ्या डब्यातील पोरस माझ्या हवाली केला. ख्रिस्तपूर्व ३२६, झेलमचा काठ, हत्ती, रथ आणि माणसाएवढे धनुष्य जमिनीवर टेकून डाव्या पायाने दाबणारे ते तिरंदाज, ज्यांचे वर्णन एरियनाने करून ठेवले आहे. बालपणापासून मी बुद्धिबळ खेळत आलो. आपल्या पटावरचा हत्ती सरळ जातो, सरळ येतो आणि कधी बिथरत नाही. या भरवशावर मी हत्ती पुढे काढले. इथे फाशावर जेवढे दान पडेल तेवढेच हुकूम सुटतात, हे मला तत्त्वतः ठाऊक होते. परंतु पहिल्याच खेपेस एक पडल्यावर हत्ती पुढे आणि बाकीची फौज मागे, अशी माझी जी विभागणी झाली ती कायमची. मॅसिडोनियाच्या भाल्यांपुढे हत्ती हटले, आणि हटताना माझेच तिरंदाज तुडवीत गेले. रथ चिखलात रुतल्याचे सरनोबतांनी मोठ्या आदराने जाहीर केले, कारण मूळ लढाईतही ते तसेच रुतले होते. चौथी तुकडी पडली तेव्हा घड्याळात चाळीस मिनिटे झाली होती. "क्षमा करा," ते म्हणाले, "पण बहुधा तुमचे राज्य गेले."

मी गेलेल्या राज्याकडे पाहत बसलो. सरनोबतांनी पडलेले हत्ती एकेक करून उभे केले, सोंडांवरची धूळ फुंकली आणि टेबलापलीकडून विचारले, "मग, तुम्हांला कसा हवा?"

प्रश्न चहाचा होता; पण हाच प्रश्न शिकंदराने पोरसाला विचारल्याचा धडा मला शाळेत होता, आणि उत्तर तोंडपाठ होते. मी म्हणालो, "राजाला शोभेल असा."

त्यांचा चष्मा क्षणभर लकाकला. माझ्या भारतीयत्वावरची शंका, मला वाटते, त्या क्षणी अर्धीअधिक फिटली. ते उठले, कोपऱ्यातील बंबातून दोन पेले भरून आणले, मला हवी तेवढी साखर घातली, आणि पराभूत राजाच्या आदरातिथ्यात न्यून राहू नये म्हणून सहावा डबा पुढे ओढून त्याचे झाकण उघडून माझ्यासमोर धरले. आत, कापसावर, अद्याप रंग न लागलेले चाळीस सिथियन तिरंदाज घोड्यांसह ओळीने निजलेले होते.

सरनोबतांनी डब्यात वाकून पाहिले. "अरेच्चा," ते हळूच म्हणाले, "एप्रिलपासून शोधतो आहे यांना." मग त्यांनी एक घोडेस्वार उचलून खिडकीच्या उजेडात धरला, भाता कोणत्या बाजूला लटकवलेला आहे ते निरखीत उभे राहिले, आणि त्यांचा चहा निवत राहिला.